ऊब देणारी भिंत

रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या ताईच्या गॅरेजमध्ये तेवीस माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. मोजायची मला सवय आहे, म्हणून मोजली. पुढच्यांचे तळहात भिंतीला टेकलेले, मागच्यांचे पुढच्यांच्या खांद्यांवर. एका बाईंनी तर पाठच लावली होती भिंतीला, आणि डोळे मिटून नुसतं "आहाहा" चाललं होतं. मध्ये ताईची नवी, विजेवर चालणारी गाडी. गाडीतून निघालेली जाड काळी केबल भिंतीवरच्या पांढऱ्या चार्जरमध्ये गेलेली, आणि त्या चार्जरवर चिकटवलेली बशीएवढी तांब्याची चकती.

"आली का ऊब?" चार्जरशेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं.

"आली!"

"कुठून आली?"

"आतून आली!"

"कुणाच्या आतून?"

इथे जरा घोटाळा झाला. अर्धे म्हणाले "भिंतीच्या", अर्धे म्हणाले "आमच्या". गृहस्थ प्रसन्नपणे हसले. "दोन्ही बरोबर. हेच तर समजून घ्यायचंय."

टाळ्या वाजल्या. मी डोक्याला हात लावला.

या गृहस्थांना सगळे ऊर्जासर म्हणत. दाढी नाही, माळा नाही. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात टॅब. एखादा जटावाला बाबा आला असता तर माझ्या भावोजींनीच त्याला फाटकाबाहेर काढला असता. भावोजी स्वतःला आधुनिक समजतात. आधुनिक माणसाला फसवायला आधुनिक बाबा लागतो, आणि तो मिळतोही.

मी वायरमन आहे. बाई असून वायरमन कशी, हे लोक मला एकदा विचारतात. मी डोळे वटारले की दुसऱ्यांदा विचारत नाहीत. एकोणीस वर्षं घराघरांत भिंती फोडून वायरी ओढल्यात मी. माझा पारा पटकन चढतो, म्हणून भावोजी मला फ्यूजबाई म्हणतात. त्या दिवशी मी आले होते ती ताईच्या फोनमुळे. "चार्जर बसवून घेतला गं, एकदा डोळ्याखालून घाल," एवढंच ती म्हणाली होती. गर्दीचं काही बोलली नव्हती.

मी वाट काढत पुढे गेले आणि भिंतीला हात लावला. भिंत खरंच गरम होती. चार्जरच्या बाजूने एक वीतभर रुंदीचा पट्टा, खालून वर, भाकरी उतरवलेल्या तव्यासारखा कोमट. मी हात झटकन काढला.

कारण त्या पट्ट्याच्या आत काय आहे, ते मला पाठ होतं. बारा वर्षांपूर्वी कपडे धुण्याच्या मशीनसाठी तिथे मीच वायर ओढली होती. मशीनला पुरेल एवढीच, बारीक. मधे एक जोड, त्या जोडाची लोखंडी डबी, डबी पक्की बसावी म्हणून मागे लाकडी गुटके, आणि वरून प्लास्टर. मशीन जेवढी वीज ओढतं त्याच्या तिपटीने वीज हा चार्जर तासन्‌तास ओढतो. बारीक वायरीतून एवढा प्रवाह गेला की ती तापते. वायर तापली की भिंत तापते. चमत्कार संपला. पण प्रवाह तसाच चालू राहिला तर वायरीचं आवरण वितळतं, जोड जळतो, लाकूड पेटतं.

आणि त्या भिंतीच्या पलीकडे ताईच्या सासूबाईंची, म्हणजे आमच्या मावशींची, खोली होती.

मी धावतच आत गेले. मावशींची खाट नेहमी खिडकीशी असायची. आता ती त्याच भिंतीला खेटून लावली होती. कापसाची गादी, दोन उशा, आणि त्यांना टेकून, पाठ भिंतीला लावून बसलेल्या मावशी. गुडघ्यांनी चार वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई. खाटेवरून उतरायला त्यांना दोन माणसं लागतात.

"ये गं, ये!" मावशींचा चेहरा फुलला होता. "इथे बस. हात लाव. आणि हे गुडघे बघ, वाकतायत!"

"मावशी, ती वायर तापलीये."

"तापू दे की. कुणीतरी तापतंय माझ्यासाठी."

दारातून दोन बायका डोकावल्या. "आजी, बरं वाटतंय ना?" मावशींनी राणीसारखा हात हलवला.  

हे सगळं कसं घडलं ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ताईने आधी मलाच बोलावलं होतं. मी मीटर पाहिला, गॅरेज पाहिलं, फूटपट्टी टाकली आणि कागदावर लिहून दिलं. मीटरपासून चार्जरपर्यंत वेगळी जाड वायर. तिच्यासाठी वेगळा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. जमिनीत नवीन अर्थिंग. चार्जर मीटरजवळच्या भिंतीवर, म्हणजे लाईन आखूड होईल. काम तीन दिवसांचं, आणि त्यासाठी पुढच्या अंगणातल्या फरशीची एक पट्टी कापावी लागणार.

फरशीचं नाव काढलं आणि भावोजींचा चेहरा उतरला. ती निळी-पांढरी फरशी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. पाहुण्यांना चपला काढून चालायला लावतात तिच्यावर.

"बघू," भावोजी म्हणाले. आमच्या घराण्यात "बघू" म्हणजे "नाही".

मग गाडी दारात आली, आणि त्यांना ऊर्जासर भेटले. आले ते हातात दोऱ्याला बांधलेला लोलक घेऊन. घरभर फिरले. लोलक कुठे हलला नाही, कुठे हलला. धुण्याच्या मशीनच्या पॉईंटपाशी आल्यावर गरागरा फिरायला लागला. "इथे! घराची नाडी इथे आहे. नवी वायर ओढाल तर नाडी तुटेल. आहे त्या नाडीलाच जोडायचं." फोडाफोडी नाही, धूळ नाही, अर्ध्या तासात काम. लोलकाला बरोबर तयार पॉईंटच सापडला, याचं भावोजींना नवल नाही वाटलं. भक्तीच वाटली.

वर आणखी एक प्रयोग झाला. सरांनी भावोजींना गाडीत बसवलं. पडद्यावर आकडा होता, एकशे बावन्न किलोमीटर जाईल असा. सरांनी चकती गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवली, डोळे मिटले, दोन मिनिटं हात फिरवला. आकडा झाला एकशे ऐंशी! वीज न भरता अठ्ठावीस किलोमीटर! भावोजींनी त्याच क्षणी चार्जर, चकती, सगळंच घेऊन टाकलं.

चार्जर लावला त्या संध्याकाळी एमसीबी तीनदा पडला. पडणारच हो! तो त्याच्यासाठीच असतो. वायरीला झेपेना की तो खटकन पडतो आणि म्हणतो, थांबा. त्या अख्ख्या घरात खरं बोलणारा तेवढा एकच होता. पण ऊर्जासर म्हणाले, "घर शिंकतंय. जुनी नकारात्मकता बाहेर पडतेय. बटण मोठं टाकू." आणि सोळा अँपिअरच्या जागी चाळीसचा एमसीबी बसवून टाकला. त्यानंतर घर शिंकलं नाही. भिंत तापायला लागली.

भावोजी घाबरले असते, निदान तेव्हा तरी. पण मावशींनी सहज भिंतीला पाठ टेकली, आणि त्या रात्री चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना कूस बदलता आली. झालं! सरांच्या तोंडी ऊबसत्र हा शब्द आला तो दुसऱ्या दिवशी.

तर त्या रविवारी मी मावशींच्या खोलीतून बाहेर आले ती तणतणतच. आधी वाटलं, या माणसाची लबाडी चारचौघांत उघडी केली की लोक आपोआप पांगतील. मी गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं, "या सगळे. चमत्कार मलाही येतो."

गंमत म्हणून दहाबारा जण आले. मी एसी पूर्ण सोडला. पडद्यावरचा आकडा धपकन खाली आला. "आता बघा." डोळे मिटले, तोंडाने काहीबाही पुटपुटले, आणि करंगळीने एसीचं बटण बंद केलं. आकडा टुणकन वर. "तो आकडा म्हणजे नुसता अंदाज असतो. एसी चालू असेल तर गाडी म्हणते कमी जाईन, बंद केला तर म्हणते जास्त जाईन. तुमच्या सरांनी हात फिरवताना बटण दाबलं. चकती काढा, भांडं ठेवा, चप्पल ठेवा, आकडा वाढणारच!"

लोक हसले. दोघांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. मला वाटलं, जिंकले.

ऊर्जासर पण हसत होते, सगळ्यांपेक्षा जास्त. "मॅडम हुशार आहेत. बटणाने आकडा वाढतो, मान्य. पण आजींचे गुडघे कुठल्या बटणाने वाकले?"

 मग शेजारचे गुरुजी म्हणाले, "खरंय. गुडघे खोटं बोलतात का?"

हे गुरुजी म्हणजे शाळेत सदतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. रांगेत रोज पहिला नंबर त्यांचा.

"गुरुजी, गरम पाण्याच्या पिशवीनेही गुडघे वाकतात हो!"

"पिशवी थंड होते. ही होत नाही," गुरुजी म्हणाले आणि दुखरा खांदा भिंतीला लावायला परत गेले. त्यांच्या मागे बाकीचेही गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी करायचं ते केलं. बोर्डापाशी गेले आणि चाळीसचा तो एमसीबी खाली पाडला. गर्दीतून "अहो, अहो!" असा ओरडा झाला. भावोजी तरातरा आले आणि बटण वर केलं.

"फ्यूजबाई, हे माझं घर आहे."

"म्हणूनच सांगतेय. पेटेल हो!"

"पेटायचं असतं तर एव्हाना पेटलं असतं. तुझं काम गेलं म्हणून जळफळाट आहे हा. दुसरं काही नाही."

फार लागलं मला ते. ताईकडे पाहिलं. ती चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. नवऱ्याकडे बघावं की बहिणीकडे, ते तिला कळेना, म्हणून कपांकडे बघत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. भावोजींनी बोर्डाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मी पिशवी उचलून निघाले.

सोमवारी वीज कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून चांगला माणूस होता, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या."

"मग तक्रार त्यांनी करायला हवी."

"त्यांना तो चमत्कार वाटतोय."

"मग ते तक्रार करणार नाहीत," कारकून म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. अर्ज ठेवून घेतो म्हणाला, पाहणीला माणूस पंधरा दिवसांनी येईल. आणि मग खिडकीतून पुढे वाकून, आवाज खाली करून, "ती भिंत खरंच गुडघ्यांना चालते का हो? आमच्या हिचे फार दुखतात."

मी पायऱ्यांवर येऊन बसले आणि खरंच सांगते, रडले. रागाने रडले. एकोणीस वर्षांत किती जळालेले बोर्ड पाहिले, एकदा अख्खी जळालेली खोली पाहिली. काय होणार हे तारखेसकट नाही सांगता येत, पण होणार हे सांगता येतं. आणि सांगून उपयोग शून्य.

हातात एकच गोष्ट होती, ताईचा फोन. आमच्या कामात थर्मामीटर नसला की एक जुनी रीत आहे. गरम जागी तळहात टेकवायचा आणि मोजायचं. चटका असह्य होईपर्यंत किती आकडे झाले, त्यावरून अंदाज येतो. मी ताईला म्हटलं, "तू कुणाशी भांडू नकोस. फक्त रोज गाडी चार्ज होत असताना, तासाभराने हात टेकव आणि मोज."

मंगळवारी ती म्हणाली, "तीसपर्यंत मोजलं. मग कंटाळा आला."

गुरुवारी, "बावीस."

शनिवारी, "चौदा. हे म्हणतात, शक्ती वाढतेय."

"ताई, जोड सैल होत चाललाय. जेवढा सैल, तेवढा गरम. जेवढा गरम, तेवढा आणखी सैल. निदान मावशींची खाट तरी हलव!"

"हलवली होती गं. त्या रुसल्या. जेवल्या नाहीत. परत लावली." ताई म्हणाली. "मी काय करू सांग. घरात माझं कोण ऐकतं?"

माझं तरी कुठे कोण ऐकत होतं? "उद्याही मोज," एवढंच मी म्हटलं.

पुढच्या बुधवारी दुपारी मी एका दुकानात शिडीवर होते. फोन वाजला.

"पाच," ताई म्हणाली. "पाचच आकडे झाले. आणि वास येतोय. मासळी कुजल्यासारखा. सरांना विचारलं, तर म्हणाले विकार बाहेर पडतायत. आज मोठं सत्र आहे, चार तासांचं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्यात."

तो वास मला माहीत आहे. डबीतलं प्लास्टिक जळायला लागलं की येतो. मी शिडीवरून कशी उतरले, स्कूटर कशी चालवली, मला आठवत नाही. वाटेत एवढंच म्हणत होते, आता कुणाला समजावत बसायचं नाही.

गॅरेजमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मी आत गेलेच नाही. बोर्डाला कुलूप असेल, पण मीटर फाटकापाशी, घराबाहेर आहे. तिथला मेन स्विच खाली ओढला, आतले दोन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले. आत पंखे थांबले, दिवे गेले, आणि चार्जरवरचा हिरवा ठिपका विझला.

"कोण आहे रे ते?" भावोजी बाहेर आले. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आधी फ्यूज दे."

"देते. आधी ताईला घेऊन मावशींना त्या खाटेवरून उचला. मग अर्धा तास द्या मला. तुमच्या सरांची ऊर्जा खरी असेल, तर वीज नसताना भिंत गरम राहील. राहिली, तर या सगळ्यांसमोर मी सरांच्या पाया पडेन."

हे गर्दीला आवडलं. पाया पडणं बघायला कुणाला नको असतं? "होऊन जाऊ दे," कुणीतरी म्हणालं. ऊर्जासरांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या सत्राला उशीर होईल म्हणाले, पण लोकांनी त्यांना हलू दिलं नाही.

भावोजी आणि ताईने मावशींना उचलून खुर्चीवर बसवलं. ताई एकदम ओरडली. मावशींच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, हाताच्या पंजाएवढा लाल चट्टा उठला होता. मधे फोड.

"आई, तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"बरं वाटतं म्हणून बसले होते," मावशी पुटपुटल्या. "चटके थोडे बसायचेच, सर म्हणाले होते."

अर्धा तास आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत उभे होतो. दर पाच मिनिटांनी गुरुजी हात लावत आणि आकडे मोजत. पाच. नऊ. सतरा. तीस. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि हात तसाच ठेवला. भिंत साध्या भिंतीसारखी होत चालली होती.

"मॅडमनी प्रवाह तोडला," ऊर्जासर खिन्न आवाजात म्हणाले. "नाडी थांबली की शरीरही थंड पडतं."

"मग आत काय आहे ते बघूच," मी म्हटलं आणि छन्नी-हातोडी काढली.

भावोजी आडवे आले. "माझी भिंत आहे!"

"फोड." हे ताई म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिला नवऱ्यासमोर असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "फोड गं. मी सांगते."

चार ठोक्यांत प्लास्टर निघालं. आत वायरीचं लाल आवरण वितळून काळं पडलं होतं, कुठे कुठे उघडं तांबं दिसत होतं. जोडाची डबी एका बाजूने करपून काळी झाली होती. डबीमागचा लाकडी गुटका मी चिमट्याने ओढून काढला. त्याचा कोळसा झाला होता. अर्धा. तो मी तळहातावर ठेवला आणि सगळ्यांसमोरून फिरवला.

"ही तुमची ऊर्जा. दुसऱ्या बाजूला, एवढ्या अंतरावर, कापसाची गादी होती. आणि गादीवर ही बाई, जिला पळता येत नाही."

 गुरुजींनी तो गुटका हातात घेतला. खाली मान घालून, वर्गात पाठ म्हणावं तसं, ते म्हणाले, "प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. प्रवाह तिप्पट, तर नऊपट. सदतीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी हे."

"मग हात का लावत होतात, गुरुजी?"

"खांदा दुखत होता गं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला रागावताही येईना.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी ऊर्जासरांना घेरलं असेल, जाब विचारला असेल. कुठलं काय! सरांनी चार्जरवरची चकती शांतपणे काढली, रुमालात गुंडाळली आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "बघा, या घरावरचं केवढं संकट या वायरीने स्वतःवर घेतलं. वायर जळाली, घर वाचलं. आणखी काय पुरावा हवा?" सातआठ जणांनी माना डोलावल्या. मी ऐकत होते. ते फाटकाबाहेर पडताना एक बाई मागून धावत गेली. "सर, आमच्याकडेही गाडी घेतलीये. भिंत कधी बघायला याल?" सरांनी टॅब उघडला आणि तिला वेळ दिली.

ती बाई गल्लीत नवीन होती. मी तिच्या मागे जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही फार नकारात्मक बोलता हो."

भावोजींनी माझी माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी स्वतः मला फोन केला आणि "तो कागद पुन्हा लिहून दे," एवढं म्हणाले. फरशी कापताना ते घरात थांबले नाहीत. मी जाड वायर ओढली, योग्य एमसीबी टाकला, अर्थिंगचा खड्डा घेतला, मीटरजवळच्या भिंतीवर चार्जर लावला. गाडी पाच तास चार्ज झाली आणि मी दर तासाला हात लावून पाहिलं. भिंत गार. चार्जर चांगला बसला की असाच दिसतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं. बघायला कुणी आलंही नाही.

पंधरा दिवसांनी मी मावशींना भेटायला गेले. पाठीवरचा फोड सुकला होता. खाट पुन्हा खिडकीशी होती. त्यांच्यासाठी मी विजेवर शेकायचं पांघरूण नेलं होतं, ठरावीक उष्णतेला आपोआप बंद होणारं. गुडघ्यांवर घातलं, बटण दाबलं. दोन मिनिटांनी मावशींनी डोळे मिटले.

"तीच ऊब ना, मावशी?" मी विचारलं. "बघा, ना चकती, ना सर. साधी तार आहे आत. तापते तेवढीच, आणि वेळेवर थांबते."

"तीच गं," मावशी म्हणाल्या. "अगदी तीच." मग दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. "पण हिच्यासाठी कुणी येणार नाही."

मी काय सांगू तुम्हाला! माझ्या पिशवीत पक्कड होती, टेस्टर होता, छन्नी होती. याला लागेल असं त्यात काहीही नव्हतं. तेवीस माणसं रोज "आजी, बरं वाटतंय ना" विचारत होती ती बंद झाली, आणि बंद कुणी केली, तर मी. बरोबर होतं म्हणून केली, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. पण मावशींच्या समोर बसून मला ते नीट म्हणता येईना.

म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते. घरात चार्जर लावायचा असेल तर जाणत्या वायरमनला बोलवा, आणि तो फरशी फोडायला सांगेल तर फोडू द्या. एमसीबी पडला तर त्याचं ऐका, त्याच्या जागी मोठा टाकू नका. भिंत गरम लागली तर तिला हात लावून उभे राहू नका, मेन बंद करा. कुणी म्हणालं ही शक्ती आहे, तर त्याला विचारा, वीज बंद केल्यावर ती कुठे जाते? एवढा एक प्रश्न विचारायला शाळाही लागत नाही.

आणि शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर जाऊन विचारून या. भिंत तापायची वाट बघू नका.